वाढवलेली गोळी

बटणवाल्यांच्या दुकानात 'बंद' हा शब्द उच्चारायचा नाही, असा त्यांच्या वडिलांपासूनचा दंडक होता. दुकान बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. एवढं तर सगळेच जुने दुकानदार म्हणतात. पण बटणवाल्यांनी ते भलतंच मनावर घेतलं होतं. दिवा वाढव, रेडिओ वाढव, नळ वाढव. सून नवी नवी घरात आली तेव्हा एकदा दुकानात ते तिला म्हणाले, "जरा पंखा वाढव गं," आणि तिने तो थेट पाचावर नेला. काउंटरवर मोजून ठेवलेल्या टिकल्या आणि लेसचे तुकडे पार रस्त्यापर्यंत उडाले. त्यावर घरात नऊ वर्षं हसू चाललं होतं, आणि सगळ्यांत जास्त हसायची ती बटणवाल्यांची बायको.

हसण्याला आणि बोलण्याला तिच्याकडे कधीच तोटा नव्हता. बटणवाले स्वतः घुमे. दिवसभर गिऱ्हाइकाच्या शर्टाला जुळतं बटण शोधायचं आणि घरी येऊन तिचं ऐकत जेवायचं, हा त्यांचा संसार. चार वर्षांपूर्वी तिच्या हृदयाची एक झडप बदलून कृत्रिम बसवली, तेव्हा भूल उतरल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली, तर शेजारच्या खाटेवरची बाई झोपेत कुणाला शिव्या देते ते तिने सांगितलं. तिथेच बटणवाल्यांच्या जिवात जीव आला.

त्या झडपेपायी रक्त पातळ ठेवायची एक गुलाबी गोळी जन्माची मागे लागली होती. रक्त घट्ट झालं तर झडपेत गाठ धरणार, फार पातळ झालं तर कुठूनही वाहणार. म्हणून दर महिन्याला तपासणी आणि आकडा बघून गोळी अर्धी, पाऊण, एक. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पालेभाजी रोज सारखीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडू नका. हिने त्यातलं 'पालेभाजी' आणि 'नका' एवढंच उचललं. पथ्य म्हटलं की बाईच्या अंगात यायचं. पालकाच्या जुडीकडे ती जुन्या वैऱ्याकडे बघावं तशी बघायची.

त्या महिन्यात तिला खोकला झाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सात दिवसांचं औषध दिलं. गुलाबी गोळीचं तिने त्यांना सांगितलंच नाही, कारण खोकल्याचा आणि झडपेचा काय संबंध? त्या औषधाने तोंडाची चव गेली, जेवण चार घासांवर आलं. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि दंडांवर निळे डाग उठले. "माझ्यावर कुणी शाई सांडली बघा," म्हणून ती दंड पुढे करून दाखवायची. बटणवाल्यांनी तिला मऊ केसांचा नवीन ब्रश आणून दिला. त्यांना खरंच वाटलं, जुना ब्रश कडक आहे.

महिन्याच्या तपासणीचा आकडा आला तो दुपारी, आणि फोन आला तो दुकानात, कारण फाइलवर दुकानाचाच नंबर होता. काउंटरवर एक बाई कोटाचं एकुलतं एक बटण घेऊन उभी होती आणि तसंच दुसरं हवं म्हणून हटून बसली होती. फोनवर डॉक्टरांकडची नर्स होती.

"आजींचं रक्त फार पातळ झालंय. गोळी आजपासून बंद. चार दिवसांनी परत तपासणी. कळलं ना?"

"कळलं," बटणवाले म्हणाले, आणि कळलंच होतं.

संध्याकाळी सून शाळेतून परतताना दुकानावरून गेली. ती गणित शिकवायची. सासूच्या गोळ्यांची डबी तीच भरायची, आणि आजवर एका गोळीची चूक झाली नव्हती. बटणवाले शिडीवर उभे होते, दोन्ही हातांत खोकी होती.

"फोन आला होता," ते वरूनच म्हणाले. "आईची गुलाबी गोळी आजपासून वाढव."

"किती?"

"चार दिवस. मग तपासणी आहे."

सुनेने घरी जाऊन फाइल काढली. मागे दोनदा गोळी वाढवली होती, तेव्हा दोन्ही वेळा अर्ध्याने वाढवली होती. तिने सुरीने गोळीचे दोन नेमके तुकडे केले आणि एकाची दीड केली. सासूला सांगितलं, "आई, डॉक्टरांनी वाढवायला सांगितलीय." सासू म्हणाली, "म्हणजे एवढी पालेभाजी सोडली त्याचं हे फळ," आणि पाण्याबरोबर गोळी घेतली. बटणवाल्यांची भाषा घरात पुरती कळणारी ती एकटीच होती. निरोप तिच्यापर्यंत आला तो सुनेच्या तोंडून आणि डॉक्टरांच्या नावावर, म्हणून तिलाही शंका आली नाही.

दोन दिवसांनी तिचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं सगळ्यांचं ठरलं.

चौथ्या दिवशी सकाळी तपासणीला जायच्या आधी ती टेबलाशी बसून शेजारणीची काहीतरी गंमत सांगत होती. बोलता बोलता तिने कपाकडे बोट केलं आणि म्हणाली, "ते बटण द्या." बटणवाल्यांनी कप दिला. मग ती चमच्याला बटण म्हणाली. मग खिडकीला. बटणवाल्यांना वाटलं, बायको आपली फिरकी घेतेय. ते हसले. चांगले खांदे हलवून हसले, कारण ती तशीच होती, आणि ते हसत असतानाच ती उजवीकडे कलली आणि खुर्चीतून खाली गेली. त्या हसण्याची त्यांना पुढे इतकी किळस आली, की आपलं तोंड कुणी शिवून टाकावं असं वाटायचं.

इस्पितळात डॉक्टरांनी फोटो दाखवला. मेंदूत डाव्या बाजूला रक्त उतरलं होतं. त्यांनी विचारलं, "गोळी चार दिवस बंदच होती ना?"

सून म्हणाली, "बंद? वाढवली होती ना."

मुलगा हळू आवाजात म्हणाला, "वाढवली म्हणजे?"

"बाबा म्हणाले, वाढव."

"मीच म्हणालो," बटणवाले म्हणाले. "मी वाढव म्हणालो. चूक माझी आहे."

मुलाने त्यांच्याकडे बघितलंही नाही. तो बायकोकडेच बघत होता. "नऊ वर्षं तू या घरात आहेस. बाबा वाढव म्हणाले की काय करायचं असतं, हे तुला कळायला नको? पंख्याचं विसरलीस?"

"माझ्या लक्षात यायला हवं होतं," सून म्हणाली.

"तिचं काही चुकलं नाही," बटणवाले म्हणाले. "गोळीला कुणी वाढव म्हणतं का? मला जीभ होती. सरळ सांगता आलं असतं."

"बाबा, तुम्ही तिला पाठीशी घालू नका."

पुढे तेच झालं. नातेवाईक भेटायला आले, तेही हेच म्हणाले. इतकी शिकलेली सून, गणित शिकवते, आणि विचारायची अक्कल नसावी? बटणवाले प्रत्येकाला सांगत राहिले की दोष माझा, आणि ते जितकं सांगत तितकं त्यांचं नाव मोठं होत गेलं. बघा, सुनेवर एक शब्द येऊ देत नाहीत, देवमाणूस आहे. एकदा जिन्यात हे ऐकून त्यांना क्षणभर बरं वाटलं. मग वरच्या पायरीवर सून फाइल छातीशी धरून उभी दिसली. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाजूला झाली आणि तिने त्यांना आधी जाऊ दिलं.

बायकोला पाच आठवड्यांनी घरी आणलं. उजवा हात, उजवा पाय गेला होता आणि वाचा गेली होती. डॉक्टरांनी काही हातचं राखलं नाही. बोलणं परत यायची आशा धरू नका, म्हणाले. गुलाबी गोळी सुरू ठेवली तर मेंदूत पुन्हा रक्त उतरू शकतं, नाही ठेवली तर झडपेत गाठ होते. म्हणून अगदी थोडी सुरू केली होती. सून त्या डबीला आता हात लावत नव्हती. मुलाशी ती कामापुरतं बोलायची. एकदा बटणवाल्यांनी डबी तिच्यापुढे सरकवून पाहिली, तर तिने हात पाठीमागे घेतले. गोळी आता बटणवालेच तोडायचे. तोडताना रोज वाटायचं, आज आपण तिला जगवतोय की मारतोय, आणि याचं उत्तर डॉक्टरांकडेही नव्हतं.

घर इतकं शांत झालं होतं, की नळाच्या पाण्याचा आवाज मोठा वाटायचा. मुलाला अजूनही वाटत होतं की बाबा सुनेला वाचवतायत. ते खोटं आहे हे पटवून घेणारं माणूस जगात एकच होतं. बायकोने ऐकलं असतं, ती नक्की चिडली असती, आठ दिवस तोंडसुख घेतलं असतं, आणि मग त्यातच कुठेतरी हसली असती.

एका दुपारी सून शाळेत होती, मुलगा कामावर. बटणवाल्यांनी मऊ भात चमच्याने आणखी मोडला, तिच्या गळ्याशी रुमाल खोचला आणि खुर्ची जवळ ओढली.

"ऐक ना," ते म्हणाले. "फोनवर त्यांनी बंद म्हणून सांगितलं होतं. मला तो शब्द तोंडातून काढवेना. मी वाढव म्हणालो. तू मला विचारलं असतंस तर मी तुला नीट सांगितलं असतं. माझ्या 'वाढव'चा अर्थ तुला कुणी विचारलाच नाही. पोरीचा काही दोष नाही. हे मी केलं."

ती त्यांच्याकडे बघत होती. डोळे तेच होते. ओळख होती की नव्हती, कळत नव्हतं. बटणवाले थांबले. आयुष्यात पहिल्यांदा ते सलग इतकं बोलले होते. आता तिने निदान मान फिरवावी, डावा हात उचलून चमचा उडवून द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांनी चमचा हातात तसाच धरला आणि वाट बघितली.

तिने घासासाठी तोंड उघडलं.