पोळ्यातलं रोही

गोपीचंदनं पंचफुलाच्या अंगणातून रोह्याचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू सोडून नेलं, तेव्हा ती चुलीपाशी पुरण घोटत होती. मेडशीच्या शिवारात, तुरीच्या वावरात आईवेगळं सापडलेलं हे पिल्लू तिनं बोरीच्या पाल्यावर अन बाभळीच्या शेंगांवर वाढवलं होतं. पोळा झाला की वनखात्याची गाडी त्याले जंगलात सोडणार होती. म्हणून सरकीची ढेप नाही, दाणा नाही, भाकरीचा तुकडा नाही. "तिथं याले कोण पोळ्या लाटून देईन?" ती म्हणायची.

गोपीचंदचं गणित सोपं होतं. "चार खुरं हायेत, रवंथ करते. मंग बैलाहून काय कमी हाय बे याच्यात?"

त्यानं आपल्याच बैलाची झूल पिल्लावर टाकली, कपाळाले बाशिंग बांधलं अन तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभं केलं. गाव पोट धरून हसलं. दौलतराव पाटलानं पहिली पुरणपोळी भरवली.

"घ्या पाहुणे. तुमच्या जातीनं सालभर माही तूर खाल्ली, आता पोळी खा."

मग घरोघर आरती अन घरोघर पोळी. बैलाले एक, पिल्लाले एक.

दिवस मावळता पिल्लाची डावी कूस ढोलावानी ताणली. पंचफुला तिथं तेल चोळत बसली. गुरांच्या डॉक्टरनं नळी घातली, पण नुसता आंबूस फेस आला. थोड्या वेळानं पिल्लानं पाय ताणले.

"पोट म्हणजे रांजण असतो, गोपीभाऊ," डॉक्टर हात धूत म्हणाले. "आतले बारीक जीव चारा आंबवतात. तुमच्या बैलाचे ढेपेला, दाण्याला सवकलेत. याचे होते पाल्यावरचे. एकदम एवढं गोड पडलं, अन उतू गेलं."

"पण रवंथ तं दोघंबी करतेत."

"आता एकच करतो."

पंचफुलानं बाशिंग सोडलं. "तुह्या बैलाले कित्ती चारल्या?"

"तेवढ्याच."

तिनं झूल झटकली, घडी केली अन त्याच्या हातात दिली. "ने. त्याची हाय."

घरी बैल ढेकर देऊन निवांत रवंथ करत होता. गोपीचंदले तो आवाज ऐकवेना. तो पारावर आला.

"काय गोप्या," दौलतरावनं विचारलं, "पुढच्या पोळ्याले काय आणतं?"

"तुमालेच उभं करतो तोरणाखाली, पाटील."

पार हसला. गोपीचंदच्या काखेत झूल तशीच होती. झुलीले अजून पुरणाचा वास येत होता.