कोणीच लिहिलं नाही

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. एका दुपारी तो बंद ठेवलेल्या लिफ्टच्या छतावर उभा राहून काम करत होता, आणि खाली कोणीतरी घाईघाईत ती चालू केली. भाऊ गेला. त्याच्या कामावरच्या जोडीदाराने हे डोळ्यांनी पाहिलं, तपासातही तेच निघालं. भावाच्या पोटात तेव्हा चहाशिवाय काही नव्हतं, आणि दारूचा तर त्याला वाससुद्धा सहन होत नसे. हे सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून तुमच्याही मनात शंकेची पाल चुकचुकेल, आणि ती मला चुकचुकू द्यायची नाही.

भावजयीने अंथरूण धरलं होतं, म्हणून त्यांची मुलगी माझ्याकडे होती. घरभर गरागरा फिरते म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. पाचवीत आहे. बाप गेल्यापासून मात्र ती कोपऱ्यात बसून असायची, आईच्या जुन्या फोनमध्ये डोकं घालून. बसू दे, तेवढाच जीव रमतो, असं आम्ही म्हणायचो. ती खोलीत आली की आम्ही मोठी माणसं विषय बदलायचो. पोरीसमोर कशाला?

एका सकाळी मी तिच्यापुढे दुधाचा कप ठेवला, तर मान वर न करता म्हणाली, "आत्या, बाबा प्यायले होते."

"कोण म्हणतं?"

तिने फोन माझ्यापुढे केला. वर भावाचा हसरा फोटो, कुठून उचलला देव जाणे. त्याखाली गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. मग त्याचं वय किती, पगार किती, बायको काय करते. मग जुगाराची जाहिरात. मग ठळक अक्षरांत प्रश्न : अपघाताच्या वेळी ते दारू प्यायले होते का? आणि उत्तर : मिळालेल्या माहितीनुसार, होय. मद्यधुंद अवस्थेत त्यांचा तोल गेला. या घटनेतून आपण सर्वांनी बोध घेतला पाहिजे.

बोध! आणि बोधाच्या खाली पोट कमी करायचा पट्टा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण खरा भडका उडाला तो वेबसाइटचं नाव वाचून. ते माझ्या लेकीचं लाडाचं नाव होतं. जावयाने पहिली साइट काढली तेव्हा कौतुकाने दिलेलं. जावई घरबसल्या कमावतो म्हणून मी साऱ्या नात्यात मिरवलं होतं.

भिंगरीचा हात धरला आणि तशीच त्याच्या घरी गेले. भाऊ काही परत येणार नव्हता. निदान पोरीच्या मनात तरी तो जसा होता तसा राहावा, एवढंच मला हवं होतं. ज्याने घाण केली त्यानेच ती तिच्यासमोर पुसावी.

लेक कामावर गेली होती. जावई काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत दोन स्क्रीनपुढे बसला होता. "या आई, या," म्हणत उठला. स्वभावाने गोड आहे, ते नाकारत नाही.

मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. "जावईबापू, हे तुम्ही लिहिलंत?"

वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "बापरे. आई, शपथेवर सांगतो, मला माहीतच नव्हतं. मी नाही लिहिलं."

"मग कोणी?"

"कोणीच नाही लिहिलं."

मग त्याने समजावून सांगितलं. लोक नेटवर काय शोधतात ते त्याच्या कॉम्प्युटरमधल्या यंत्राला दिसतं. ज्या प्रश्नाचं पान कुठेच नाही, त्याचं पान ते बनवतं. रोज ढिगाने. "मी काही ती वाचत नाही, आई. वाचत बसलो तर धंदा कसा चालायचा?"

"आणि 'होय' कोणाच्या तोंडचं?"

"तसं... अशा बातम्यांत बऱ्याचदा तेच कारण असतं ना. त्यावरून जुळवतं ते."

जुळवतं! भावाला निरोप द्यायला हाच सगळ्यांच्या पुढे होता. रडला होता, आणि खरंच रडला होता. आणि इकडे याचं यंत्र त्याच माणसाला दारुडा ठरवून तेल विकत होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पाहिलेत. पण आपण कोणाच्या टाळूवरचं खातोय हे बघायचीही तसदी न घेणारा पहिल्यांदाच पाहिला.

त्याने एक बटण दाबलं. "हे बघा, काढलं." खोकायला लागतो तेवढाच वेळ लागला. मग घसा खाकरून म्हणाला, "राग मानू नका, पण प्रश्न माझ्या यंत्राचा नाही. कोणीतरी पुन्हा पुन्हा शोधला म्हणून पान झालं. तेही नावानिशी. म्हणजे आपल्यातलंच कोणीतरी. बाहेरच्याला काय पडलंय?"

माझ्या डोळ्यांपुढून एकेक चेहरा गेला. गळ्यात पडून रडलेल्या चुलत बहिणी, चुकचुकणारे शेजारी, भावाच्या कामावरचा मुकादम. तोंडावर हळहळ, आणि घरी जाऊन हे?

"असेल," मी म्हणाले. "लोकांच्या मनात घाण असते. माझ्याही असते. पण ती उचलून, वर माझ्या भावाचा फोटो लावून चव्हाट्यावर तू टांगलीस. आणि खाली दुकान मांडलंस." जावयाला आयुष्यात पहिल्यांदा मी अरेतुरे करत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती. "आता हिला सांग. हिच्या डोळ्यांत बघून सांग."

तो भिंगरीपुढे उकिडवा बसला. "ते खोटं होतं गं. बाबा प्यायले नव्हते."

"तुम्हाला कसं माहीत, भाऊजी?"

"म्हणजे... मला माहीत नव्हतं. पण..."

"मग 'होय' का म्हणालात?"

माझा पारा आणखी चढला. "शोधणारा कोण ते दाखव," मी ओरडले. "एकेकाच्या दारात जाऊन विचारते."

"मी शोधलं होतं," भिंगरी म्हणाली.

"तू?" मी तिच्याकडे वळले.

"बाबांना आणलं त्या दिवशी मुकादमकाका जिन्यात कोणाला तरी म्हणत होते, प्यायला असेल. मला विचारायचं होतं. पण मी आले की तुम्ही सगळे गप्प बसायचात. म्हणून मी फोनला विचारलं. रोज विचारायचे. आधी काहीच यायचं नाही. मग एक दिवस उत्तर आलं."

जावयाला द्यायच्या शिव्या तशाच राहिल्या. मी तिथेच फरशीवर बसकण मारली, पोरीला जवळ ओढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. लिफ्ट कोणी चालू केली, जोडीदाराने काय पाहिलं, तपासात काय निघालं. काही म्हणजे काही लपवलं नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग डोळे पुसले आणि फोन हातात घेतला.

"पण आत्या," ती म्हणाली, "हे कुठे लिहिलंय?"