नऊ फुलं

मुलीकडचे लोक आमचं घर बघायला अकराला येणार होते आणि आमच्या संडासाची टाकी चार दिवस आधीच भरली होती. एक तांब्या ओतला तरी पाणी खाली जायच्या ऐवजी वर येऊन आमच्याकडं बघायचं. आण्णांनी घरात संडासबंदी जाहीर केली. आई शेजारी जायची, मी पेट्रोल पंपावर. तिथला माणूस आता मला सत्यम म्हणून नावानं ओळखतो. माझ्याकडं गाडी नाय.

दहाला सुदर्शन मैला उपसायचा टँकर घेऊन पडेगावच्या आमच्या गल्लीत आला. पाइप खांद्यावर घेऊन म्हणाला, "झाकण कुठंय?"

तिथंच तर घोळ होता. टाकी आधी अंगणात होती. मागच्या दिवाळीला आण्णांनी अंगणावर पत्रे टाकून बैठक केली. झाकण सापडावं म्हणून मिस्त्रीला बजावलं, त्याच्यावर तेवढी फुलाची फरशी लाव, बाकी साधी. मिस्त्रीनं लावली. मग त्याला ते फूल एकटं वाटलं. संध्याकाळी बघतो तर नऊ फुलं, तीन रांगांत. आण्णांना लई आवडली.

"ठोकून बघा," सुदर्शन म्हणाला. "पोकळ वाजंल तिथं झाकण."

नऊच्या नऊ फरश्या पोकळ वाजल्या. मिस्त्रीनं सिमेंटही वाचवलं होतं.

मग छिन्नी-हातोडा. पहिला कोपरा फोडला, मुरूम. दुसरा, मुरूम. तिसऱ्यात मिस्त्रीची थापी निघाली, जी चोरली म्हणून तो आमच्याशी भांडून गेला होता.

"आण्णा, मधलं फोडू?"

"मधलं नको. पाहुण्यांची नजर तिथंच जाते."

तेवढ्यात गल्लीत जीप थांबली. सोयगावचे पाहुणे, पाऊण तास आधी. आम्ही खड्ड्यांवर सतरंजी ओढली. सुदर्शन पाइप धरून कोपऱ्यात असा उभा राहिला, जणू आमचा नातेवाईकच.

मुलीनं, म्हणजे संस्कृतीनं, मला फोनवर एकच विचारलं होतं, "घरात संडास हाय का?" मी म्हणालो, हाय. "मग आत्या बघंल," ती म्हणाली. तिची आत्या चंपाबाई. तिला ज्या घरी दिलं, तिथं संडासाला दार होतं, कडी होती, खाली खड्डाच नव्हता. अकरा वर्षं ती अंधारात नाल्याकाठी गेली. तेव्हापासून घरातली पोरगी द्यायच्या आधी ती तिच्या होणाऱ्या सासरच्या संडासात भरलेली बादली ओतते आणि दहा आकडे मोजते. तेवढ्यात पाणी खाली गेलं पाहिजे.

"बसा ना," आई म्हणाली.

"बसते. आधी बादली द्या भरून."

नळाला पाणी नाय, हे खोटं ओठावर आलं होतं. आमच्या शहरात ते कुणालाही खरं वाटतं. आण्णा डोळ्यांनी तेच सांगत होते. पण लग्नानंतर ती बादली संस्कृतीच ओतणार होती.

मी सतरंजी उचलली.

"आत्या, टाकी भरलीय. झाकण ह्यातल्याच एका फुलाखाली हाय, सापडंना."

मुलीच्या वडिलांनी खड्डे मोजले. चंपाबाई खाली वाकली.

"मिस्त्रीनं लावली कशी?"

"आधी एक लावलं," आण्णा पुटपुटले, "मग त्याच्या भोवती आठ."

"भोवती?"

"भोवती."

"पोरा," चंपाबाई मला म्हणाली, "मधलं फोड."

आण्णांनी तोंड फिरवलं. दोन घावांत झाकण दिसलं.

"काडी ओढू नका, गॅस असतो," सुदर्शन म्हणाला. सगळे बाहेर गल्लीत उभे राहिले. आईनं चहा तिथंच दिला. टँकर घरघरत होता. नाकाला रुमाल लावून चहा पिता येत नाय, हे सगळ्यांना एकदमच कळलं.

तासाभरानं चंपाबाई बादली घेऊन आत गेली. दार लावलं. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग मोजणं. चारपर्यंत ऐकू आलं, पुढं काहीच नाय. आण्णांनी माझा दंड धरला.

दार उघडलं. तिनं रिकामी बादली माझ्या हातात दिली.

"चारातच गेलं पाणी. ही भरून ठेवा, सत्यमराव," ती म्हणाली. "आणि ती फुलं काढून टाका."