कापऱ्या हाताचा सूर

मार्गशीर्षातलं उतरतं ऊन खिडकीतून वाटूरच्या आमच्या घरात शिरलं, की आधी मिलिंदच्या यंत्रावर बसायचं. उसवलेल्या गोधडीच्या दोऱ्यांसारख्या त्या लाल-पिवळ्या वायरींवर, आणि मग अहोरात्र कापणाऱ्या त्याच्या उजव्या हातावर. माझा हा धाकटा भाऊ पुण्यात संगीत करायचा. मज्जातंतूंचं दुखणं जडलं, तसा यंत्र उचलून मायकडं परतला.

एका चौकटीत बसवलेले लहान-लहान डबे, एवढंच ते यंत्र. एक डबा सूर काढायचा, दुसरा त्याला जाड-बारीक करायचा. मधला मात्र जन्माचा मुका. तो नुसता विजेचा दाब कमी-जास्त करायचा, आणि बाकीचे त्याच्या इशाऱ्यावर बोलायचे. त्याला हाताची हालचाल शिकवता येई. लोक त्याच्याकडून चाली गिरवून घेतात. या पठ्ठ्यानं त्याला आपला कंपच शिकवला. नॉबवर बोटं टेकून तो तासन्‌तास बसे, आणि ज्या थरथरीनं ताटाबाहेर वरण सांडायचं, तीच सुरात उतरली की ऐकवत नसे आणि सोडवतही नसे.

"ताई, बंद नको करू. सेव्ह केलं न्हाई अजून," तो बजावायचा. "पुरं झाल्याबगर करणार बी न्हाई." लहानपणापासूनचा हट्टी.

पुरं झालंच नाही. एका सकाळी तो गेला, आणि यंत्र आपलं वाजतच राहिलं. मी अंगणात बायांच्या गळ्यात पडून रडत होते, तेव्हा मायनं आत जाऊन भिंतीवरचं बटण दाबलं. मौतीच्या घरी काही वाजू नये, ही आमच्याकडची रीत. तिनं लेकाचा मानच राखला. वीज तुटली की त्या मुक्या डब्याला काही म्हणजे काही आठवत नाही, हे तिला कोण सांगणार?

जलदानविधी आटोपला, पाहुणे पांगले, तशी ती यंत्रापाशी येऊन बसली. "लाव की बाई त्याचं ते. लई ऐकू वाटून राह्यलं."

मी लावलं. दिवे लागले. एकच सूर निघाला. सरळ, सपाट, कुठंही न हलणारा.

माय डोळे मिटून ऐकत राहिली. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "बघ, थांबलं न्हाई का त्याचं कापणं. बराबर झाला माझा लेक."

मी होकाराची मान हलवली. आता रोज ऊन उतरलं की ती सांगते आणि मी लावते. काळ दुखणं पुसतो म्हणतात. त्या दुखण्यासोबत आमचा मिलिंदही पुसला गेला, हे मी मायला कधी सांगणार नाही.