उपाशी कोळशाची फिर्याद

साहेब, मी काळा आहे हे सांगायला तुमची गरज नव्हती. पण मी रोपं मारतो, हा शिक्का तुम्ही एकदाच डोकावून मारलात आणि पुन्हा इकडे फिरकला नाहीत. हा सरळसरळ अन्याय आहे.

मित्रांनो, मी एक जुना कोळशाचा तुकडा आहे. एका रोपवाटिकेत राहतो. एके काळी मी छाटलेली फांदी होतो. रोपवाटिका चालवणाऱ्या नणंद-भावजयींनी आम्हा फांद्यांना झाकणाच्या पिंपात कोंडलं, हवा तोडली आणि भाजलं. पुरती राख होऊ दिली नाही. माझ्या अंगात बारीक पोकळ्या उरल्या. पाणी आणि खत धरून ठेवणं, हा माझा धंदा.

इथली रोपं मातीत वाढत नाहीत, नारळाच्या भुशात वाढतात. नणंदेनं मला फोडून कोरडंच त्या भुशात मिसळलं. झालं! मी भुकेला, रोपांचं खत आधी मीच गिळलं. टोमॅटोची रोपं पिवळी पडली. नेमके तेव्हाच तुम्ही रोपवाटिकेच्या तपासणीला आलात, साहेब. "कोळसा उगाळावा तितका काळाच," म्हणालात आणि हुकूम सोडलात: कोळशातलं एकही रोप फाटकाबाहेर जाता कामा नये.

तुमची पाठ वळली आणि नणंद रडकुंडीला आली.

"वहिनी, फेकून देऊ या मेल्याला!"

"वन्सं, पाहुण्याला उपाशीपोटी कामाला जुंपलंत, तर तो लेकरांच्या ताटात हात घालणारच. चूक तुमची आणि शिव्या त्याला?"

"मग आता काय त्याला ताट वाढू?"

"वाढा. पोटभर!"

त्यांनी मला भुशातून वेचून धुतलं, अंगावरची राख काढली, खताच्या पाण्यात बुडवून ठेवलं. मी तृप्त होईस्तोवर प्यालो. पुढच्या पेरणीला मला पुन्हा भुशात मिसळलं, तेव्हा पांढरी मुळं माझ्या अंगाला बिलगली. एखाद्या वेळी पाणी द्यायचं राहिलं, तरी रोपांनी माना टाकल्या नाहीत.

"बघा वन्सं," भावजय हसली, "तुमचा मेला लेकरं कशी सांभाळतोय!"

मित्रांनो, कुणाला राबवण्याआधी त्याचं पोट भरा. आणि एकदा चुकला म्हणून त्याला उकिरडा दाखवू नका.

साहेब, त्या दोघींनी तुम्हाला निरोपावर निरोप धाडले. रोपं लावणीला आली आहेत, ट्रेमध्ये मुळं कोंडताहेत, आणि फाटक अजून बंद आहे. मी सहजासहजी कुजणाऱ्यातला नाही. भांडायला मला वेळच वेळ आहे. रोपांना नाही. बघायला येताय की नाही? उत्तर द्या.