नुसती पेज

गणपतच्या नाकातल्या नळीची पिशवी बदलताना सिस्टर संचिता थबकली. हिरवट पाण्यात पांढुरकं काही दिसत होतं. तिने पिशवी उजेडात धरली. उकड्या तांदळाच्या कण्या होत्या.

सव्वीस वर्षांची नोकरी, सुजलेले पाय आणि निवृत्तीला चार महिने. सकाळी सकाळी हे लचांड तिला नको होतं. तोंडवलीचा गणपत दोन दिवसांपूर्वी पोट फुगून, ओकत आला होता. जुन्या ऑपरेशनच्या व्रणांनी लहान आतडं आवळलं होतं, पण पुरतं बंद नव्हतं. तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन चालू, नळीने पोट रिकामं ठेवायचं आणि वारा सरायची वाट बघायची. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं. पण आज तो पुन्हा ओकला आणि डॉक्टर गंधार गोव्याला ऑपरेशनसाठी पाठवायची चिठ्ठी लिहायला बसले. गणपतला दमा. मागच्या ऑपरेशनच्या वेळी भुलीतून तो कसाबसा बाहेर आला होता.

उशाशी त्याची बायको शेवंती बसली होती.

"काकी, काय दिलंस ह्यांका?"

"खावक काय नाय दिलंय गो बाय. नुसती पेज. दुखण्यात पेज देवची नाय तर काय देवचा? ते नको नको म्हणत होते. मीच चमचो तोंडाक लावलंय."

ओरडायचंही त्राण संचिताला नव्हतं. दोन दिवस ती 'काही खायला देऊ नका' म्हणत होती. इथे पेजेला खाणं म्हणतं कोण? तिच्या आईनेही म्हटलं नसतं.

"डॉक्टराक सांगा नको गो."

"सांगूक व्हया, काकी. नायतर फुकट प्वाट फाडतले."

पिशवी बघून डॉक्टर खाटेपाशी आले. "पेज कोणी दिली?"

शेवंतीने पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात नळी लावलेला गणपत घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मीच मागलंय. तिचो काय दोष नाय. ती नकोच म्हणत होती."

डॉक्टरांनी त्याला यथेच्छ झापलं. मग त्यांनी पोट दाबून पाहिलं, नवा एक्सरे काढला. हवा थोडी पुढे, मोठ्या आतड्यात उतरली होती. "उलटी पेजेचीच असणार. अजून एक दिवस थांबू," ते म्हणाले. चिठ्ठी त्यांनी फाडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गणपतचा वारा सरला, चांगला खणखणीत. शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. शेवंती मात्र भिंतीकडे तोंड करून रडली.

संचिता केसपेपर लिहायला बसली. तिच्या घरी तिच्यासाठी असं खोटं बोलणारं आता कोणी उरलं नव्हतं. तिने पेन उघडलं. 'रुग्णाने स्वतः मागून पेज घेतली. पत्नीने विरोध केला होता.'

सव्वीस वर्षांत कागदावर खोटं लिहायची तिची ही पहिली वेळ. तिने खाली स्वच्छ अक्षरात सही केली.