गोळीची लाज

दिग्रसजवळच्या तांड्यातली बबिता पळायला लागली की भलेभले मागे पडत. पण यंदा पोरीला काय झालं देव जाणे, अर्ध्या वाटेतच दम उखडायचा. पळणं शिकवणाऱ्या संघदीप सरांनी तिला डॉक्टरकडे नेलं. तपासणीत अंगातलं लोह फारच कमी निघालं. घर माळकरी, बापानं, धावजीनं, गळ्यात माळ घातल्यापासून मटण-अंडी बंद. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि गोळीच्या आगेमागे चहा घ्यायचा नाही म्हणून बजावलं.

झालं! तिच्या आईनं, हंसाबाईनं, सकाळचा चहाच बंद केला, तोही अख्ख्या घराचा. पोरीसमोर आपण कसं ढोसायचं? धावजी पक्का चहाबाज, डोकं धरून वावरात जायचा, पण हूं की चूं केलं नाही. बबिताच्या ताटात रोज मसूर, पालेभाजी, वर लिंबू, आणि सकाळी उपाशीपोटी हातावर गोळी.

आणि ही महामाया? चार-दोन दिवसांत संडास काळीकुट्ट झाली आणि तिचं धाबंच दणाणलं. आतडं सडलं की काय! पण सांगायचं कोणाला? सरांना? शी! याडीला, म्हणजे आईला सांगावं, तर ती सरांना विचारणार, मग ग्राउंडभर बोभाटा. त्यापेक्षा गोळी गालात धरायची आणि आई वळली की गोठ्यामागे थुंकायची. संडास पहिल्यासारखी झाली, पोरीला हायसं वाटलं. कुणी विचारलं की म्हणायची, घेऊन राह्यली ना.

यवतमाळच्या निवड चाचणीच्या तोंडावर पुन्हा रक्त तपासलं. लोह आणखी खाली गेलेलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यंदा पळणं बंद. सर तिथंच भडकले, आणि भडकले ते सोबत आलेल्या हंसाबाईवर. साधी गोळी देणं होत नाही, पोरीच्या खाण्याकडे लक्ष नाही, तुमच्यापायी तिचं वर्ष गेलं, असं काय काय बोलले. हंसाबाई पदराचं टोक पिळत ऐकत राहिली. चुकलं असंल सर, एवढंच म्हणाली.

बबिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं पाप आईनं मुकाट्यानं पदरात घेतलं, हे काही तिला बघवेना.

"सर, याडीनं रोज देल्ल्या," ती म्हणाली. "म्याच थुकल्या." मग भिंतीकडे तोंड करून, "संडास काळी होत होती."

सर एकदम खिडकीबाहेर पाहू लागले. डॉक्टर म्हणाले, अगं, त्या गोळीनं होतेच तशी, मीच सांगायला हवं होतं.

हंसाबाई लेकीला घेऊन निघाली. बाहेर आल्यावर बाकड्यावर बसली. चार शिव्या दिल्या असत्या, एखादी थप्पड मारली असती, तर बबिताला बरं वाटलं असतं. पण तिनं नुसतं लेकीला जवळ बसवून घेतलं.

"मले काहून नाही विचारलं वं?" ती हळूच म्हणाली. "तू पोटात होती तवा म्याही ह्याच गोळ्या खाल्ल्या. माहीबी काळीच व्हायची."